केनेबेकची पाटी

काका स्वतः बटाटा खात नसत. त्यांना मधुमेह होता आणि इथल्या डॉक्टरांनी बटाटा बंद केला होता. तरीही अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या सामुदायिक बागेतल्या आपल्या प्लॉटमध्ये त्यांनी पाच उन्हाळे बटाट्याशिवाय दुसरं काही लावलं नाही. वीस फूट लांब, वीस फूट रुंद, चारी बाजूंनी सुतळी. शेजारचा प्लॉट माझा होता. मी टोमॅटो लावत असे.

ते मंचरच्या बाजूचे. तीस वर्षं बियाणे निरीक्षक होते. पंजाबातून बटाट्याच्या बेण्याचे ट्रक येत. त्यातली पोती उघडून पाहायची, रोगट माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना आणि काकूंना इकडे बोलावून घेतलं आणि मंचरचं घर विकलं. मुलगा आणि सून सकाळी सातला आपापल्या गाडीने कामावर जात. काका-काकूंना गाडी चालवता येत नव्हती आणि त्या भागात बस नव्हती. बाग घरापासून पायी पंचवीस मिनिटांवर होती. काका रोज येत. इस्त्रीचा शर्ट, काळे बूट, खिशात पेन्सिल. बाकीचे लोक जुन्या जीन्समध्ये गुडघे टेकून तण काढत. काका कमरेतून वाकून काढत आणि बुटांना माती लागू देत नसत.

मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते. पुण्यात एका दैनिकात सात वर्षं उपसंपादक होते, इथे नोकरी करायची परवानगी नव्हती. काकांना हे कळल्यावर त्यांनी मला 'वार्ताहर' म्हणायला सुरुवात केली. उपसंपादक आणि वार्ताहर यांतला फरक मी एकदा सांगितला. "हरकत नोंदवली," ते म्हणाले, आणि पुढेही वार्ताहरच म्हणत राहिले.

त्यांचं बोलणं कचेरीतलं होतं. पाऊस येईल का, असं विचारलं तर "शेरा राखून ठेवतो." एखाद्याने उसनं फावडं परत केलं की "पोच मिळाली." बागेची सचिव एक निवृत्त ग्रंथपाल बाई होती. तिला ते वर्षातून चार-पाच पत्रं लिहीत, विषय आणि संदर्भासकट. एकदा नळाची तोटी गळत होती त्याबद्दल दीड पान होतं. ती बाई त्यांना मिस्टर इन्स्पेक्टर म्हणे. त्यात चेष्टा होती, पण तोटी दुसऱ्या दिवशी बदलली गेली.

बेण्याची मागणी फेब्रुवारीत जायची. बाहेर गुडघाभर बर्फ असे आणि बागेची माणसं गावच्या वाचनालयातल्या एका खोलीत जमून मेन राज्यातल्या एका शेतावरून आलेला कॅटलॉग पाहत. सगळ्यांची मागणी एकत्र जाई. इतर लोक दहा मिनिटांत ठरवत. काका तो कॅटलॉग आधी आठवडाभर घरी नेत. नॉरलँड, कटाडिन, युकॉन गोल्ड, ग्रीन माउंटन. प्रत्येक जातीपुढे पेन्सिलीने खुणा. साल लाल की पांढरी, हे त्यांच्या लेखी बिनमहत्त्वाचं. तुकडे शिजल्यावर अख्खे राहतात की त्यांचा लगदा होतो, एवढंच पाहायचं.

त्यासाठी त्यांच्याकडे एक स्टीलचा डबा होता. डब्यात मिठाचं पाणी करायचं आणि बटाटा सोडायचा. पिठूळ बटाटा बुडतो, चिकट बटाटा तरंगतो. त्यांना दोन्ही नको होते.

"पाण्यात मध्येच थांबला पाहिजे," ते म्हणत. "वर नाही, खाली नाही."

"थांबतो का असा?"

"आमच्याकडचा ज्योती थांबायचा."

हा डबा घेऊन ते सुपरमार्केटमध्येही गेले होते. तिथल्या माणसाने काय चाललंय असं विचारल्यावर "इन्स्पेक्शन" एवढंच सांगितलं. त्या माणसाने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने बराच वेळ डब्याकडे पाहिलं आणि तरंगणारा बटाटा चांगला की वाईट, असं विचारलं. काकांनी त्याला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मुलाने पुढे तिथे एकट्याने जायला बंदी केली.

हे सगळं काकूंसाठी होतं. काकू सोमवार करत, संकष्टी करत, दोन्ही एकादश्या करत. उपासाला त्यांना बटाट्याची भाजी लागे: तूप, जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. ती त्या स्वतःच करत आणि स्वतःच टाकून देत. इथला बटाटा कढईत विरघळतो, म्हणत. नाहीतर गोड लागतो. साबुदाणा त्यांना पचत नसे. त्यामुळे उपासाच्या दिवशी चहा आणि एखादं केळं, एवढ्यावर दिवस जाई. महिन्यातून सात-आठ दिवस असे. इथे आल्यापासून त्यांचं वजन इतकं कमी झालं होतं की मुलाने त्यांना दोन डॉक्टरांकडे नेलं. दोघांनीही तपासण्या करून काही सापडलं नाही म्हणून सांगितलं. उपास सोडा, असं सुचवल्यावर काकूंनी पुढच्या सोमवारी केळंही खाल्लं नाही.

दरवर्षी ऑगस्टमध्ये नवा बटाटा निघाला की काका त्यांच्यापुढे ताटली ठेवत आणि समोर बसत. मी दोनदा तिथे हजर होते. काकू दोन घास खात.

"शेरा?" काका विचारत.

"बरा आहे," काकू म्हणत आणि ताटली सरकवत.

बरा आहे म्हणजे नापास, हे काकांनी मला नंतर सांगितलं. युकॉन गोल्डच्या वर्षी, भाजीचा पिवळा रंग पाहून काकूंनी "हळद कुणी घातली?" असं विचारलं होतं. उपासाच्या भाजीत हळद चालत नाही. त्या बटाट्याचा रंगच तसा आहे, असं काकांनी सांगितलं. "मग असा कशाला आणला?" काकू म्हणाल्या. ती जात यादीतून गेली.

मग ऑक्टोबर येई, झाडांची पानं गळायला लागत आणि काकू विचारत, "अहो, आता जायचं ना परत?"

"एक जात राहिलीय," काका म्हणत. "तेवढी बघू."

हे बोलणं दरवर्षी तेच असे. काकांना इथे करमत होतं असं मला कधी वाटलं नाही. पण घर विकून आले होते, आता मुलाला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. काकू इथे पोटभर जेवायला लागल्या तर तो प्रश्न राहणार नव्हता.

बागेचा एक नियम होता: बटाटा लावायचा तर प्रमाणित बेणंच लावायचं. दुकानातला खायचा बटाटा लावायचा नाही, कारण त्यातून करपा हा बुरशीचा रोग येतो, आणि करपा आला की तो बटाट्यावर थांबत नाही, सगळ्यांचे टोमॅटोही घेऊन जातो. हा नियम कागदावर होता आणि तो कुणी फारसा वाचत नसे. २००४ मध्ये पलीकडच्या प्लॉटवाल्या नागपूरच्या एका इंजिनिअरने इंडियन ग्रोसरीतले मोड आलेले बटाटे मातीत टाकले. काका तिथे जाऊन उभे राहिले.

"हे उपटा."

"काका, दोनच तर आहेत ना यार."

"रोगाला दोन पुरतात."

"अहो, घरी पडून होते, फेकायच्या ऐवजी लावले."

"फेकायला हवे होते. उकडून. नुसते फेकलेत तर तिथेही उगवतील."

इंजिनिअरने हसण्यावारी नेलं. काकांनी सचिवबाईला पत्र दिलं. चार दिवसांनी इंजिनिअरला ते उपटावे लागले. पुढची दोन वर्षं तो काकांना पाहिलं की हात वर करून म्हणे, "इन्स्पेक्टरसाहेब, माझ्याकडे काही नाही, झडती घ्या." काका खरोखरच जाऊन पाहत.

काकांच्या पाट्यांबद्दल सांगायला हवं. मुलाच्या घरातले खिडक्यांचे जुने प्लास्टिकचे पडदे बदलले तेव्हा काकांनी त्यांच्या पांढऱ्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक पट्टी खोचलेली असे. त्यावर पेन्सिलीने तीन ओळी: जात, तारीख, कुठून. शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते, असं ते म्हणत. तिसरी ओळ त्यांना सर्वांत महत्त्वाची वाटे. "माल कसा आहे ते कोणीही सांगेल," असं ते मला एकदा म्हणाले. "कुठून आला ते लिहिलं नसेल तर ट्रक परत."

हे मला समजायला अवघड नव्हतं. दैनिकात आमच्या टेबलावरही बातमी कुठून आली ते कळल्याशिवाय ती पुढे जात नसे.

२००६ च्या जानेवारीत काकूंची धाकटी बहीण गेली. काकू एकट्याच देशात जाऊन आल्या, दोन महिने राहिल्या. काका गेले नाहीत. त्यांच्या पायाचं तेव्हा दुखणं चालू होतं. काकू मार्चच्या शेवटी परतल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात काकांनी लावणी केली. त्या वर्षी सगळ्या ओळी केनेबेकच्या होत्या. आदल्या वर्षी केनेबेकला काकूंनी दोनऐवजी चार घास खाल्ले होते, म्हणून तीच जात पुन्हा. मी माझी रोपं लावत होते. त्यांच्या प्लॉटच्या अगदी टोकाला, माझ्यापासून सर्वांत लांब, त्यांनी तीनच बेण्यांची एक आखूड ओळ केली. दुपारी पाण्याची नळी ओढताना मी तिकडून गेले. पाटीवर लिहिलं होतं: केनेबेक. खाली तारीख. तिसरी ओळ नव्हती.

"काका, इथे कुठून ते राहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. "शेरा राखून ठेवा, वार्ताहर."

मी तेव्हा पुढे विचारलं नाही. जूनमध्ये काकूंकडे लोणच्याचे मसाले आणायला गेले होते, तेव्हा न विचारता कळलं. काकूंनी मंचरहून येताना नवा कुकर आणला होता आणि कुकरमध्ये अकरा बटाटे ठेवून वर झाकण लावलं होतं. विमानतळावर कुणी कुकर उघडला नाही.

"घरी आल्यावर हे इतके भडकले," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं मी काय केलं म्हणून विचारायला लागले. लगेच उकडायला घेतले सगळे. माझ्यासमोर."

"मग खाल्लेत?"

"प्रवासातून आलेले, मऊ पडले होते गं. ती चव नव्हती." त्या मसाल्याची पुडी बांधत होत्या. "अकरा होते. मी मोजून आणले होते. कुकरमधून आठ निघाले. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस."

मी बोलले नाही. बागेचा नियम मला माहीत होता आणि माझे टोमॅटो त्या ओळीपासून वीस फुटांवर होते.

त्या वर्षी जूनभर पाऊस झाला. काका सकाळी सातच्या ऐवजी सहाला यायला लागले. टोकाच्या ओळीपाशी उभे राहत आणि एकेक पान उलटं करून पाहत. झाडं चांगली वाढली होती. श्रावण जुलैच्या शेवटी लागत होता. पहिल्या सोमवारी ताटात हे बटाटे असतील, असा त्यांचा हिशेब असावा. तसं ते मला बोलले नाहीत, पण माझ्याकडे त्यांनी पंचांग आहे का, असं दोनदा विचारलं.

जुलैच्या मध्यावर एका शनिवारी मी आले तेव्हा काका त्या ओळीशेजारी बसले होते. मातीत. काळे बूट मातीत होते. त्यांनी मला एक पान दाखवलं. कडेला ओलसर काळा डाग, खालून पांढुरकी बुरशी.

"करपा," ते म्हणाले.

"नक्की?"

"वार्ताहर, मी तीस वर्षं हेच पाहिलंय."

तिन्ही झाडांवर मिळून अशी डागाची पाच-सहाच पानं होती. बाकी हिरवंगार होतं. मी म्हणाले, डागाची पानं तोडून टाकली तर? श्रावणाला दोनच आठवडे आहेत. हे मी म्हणाले, माझे टोमॅटो शेजारी असताना, याची इथे नोंद करते.

काकांनी ते पान पुन्हा उलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "असंच म्हणायचे ते ट्रकवाले. साहेब, दोनच पोती खराब आहेत, बाकी माल बघा."

त्यांनी आधी ती तीन झाडं उपटली. खाली नऊ बटाटे होते, लिंबाएवढे, दोन-तीन आवळ्याएवढे. एकेक पुसून, डाग नाही असं पाहून त्यांनी ते स्टीलच्या डब्यात ठेवले. मग केनेबेकच्या ओळींकडे वळले. त्यांच्यावर एकही डाग नव्हता. तेही उपटायला लागले. नागपूरचा इंजिनिअर येऊन कुंपणाशी थांबला. त्याला काय झालंय ते दिसत होतं. तो काळ्या पिशव्या घेऊन आला आणि उपटलेली झाडं भरायला लागला.

"काका, मी काही बोलत नाही," तो म्हणाला.

"बोला. तुमचा हक्क आहे."

"नाही बोलत. पिशवी धरा."

पावणेदोन तासांत प्लॉट मोकळा झाला. माझ्या टोमॅटोवर चार दिवसांनी डाग आले, बागेतल्या आणखी काही प्लॉटवरही आले. करपा त्या तीन झाडांवरून पसरला की त्या ओल्या उन्हाळ्यात वाऱ्यावर दुसरीकडून आला, हे कुणी ठरवलं नाही आणि ठरवता आलंही नसतं. काकांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

झाडं उपटली त्याच शनिवारी दुपारी काका आमच्या घरी आले. पत्र लिहायचं होतं, सचिवबाईंना, आणि या वेळी ते टाइप केलेलं हवं होतं. ते मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत टाइप करत गेले. विषय: प्लॉटमध्ये अप्रमाणित बेणं लावल्याबाबत. संदर्भ: बागेचा नियम. मी नियम मोडला, मला नियम माहीत होता, याच नियमावरून मी २००४ मध्ये दुसऱ्याची तक्रार केली होती. खोटी पाटी लावली. प्लॉट परत करत आहे. इतर सभासदांचं नुकसान झाल्यास त्याबद्दल दिलगीर आहे.

मग ते थांबले.

"बेणं कुठून आलं, ते लिहावं लागेल," ते म्हणाले.

मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते.

"लिहा: मी स्वतः भारतातून आणलं."

"काका, तुम्ही चार वर्षांत इथून हलला नाहीत."

"ते त्यांना माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"म्हणून तुमच्याकडून लिहून घेतोय."

मी तसं टाइप केलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सही केली. सचिवबाईंनी उत्तरात एकच ओळ लिहिली: एक वर्षाने पुन्हा अर्ज करावा, आपली जागा राखून ठेवू.

श्रावण लागायला अजून वेळ होता, पण त्या शनिवारनंतर लगेचच सोमवार होता. काकूंनी मला फोन करून बोलावलं होतं, का ते सांगितलं नाही. नऊ बटाट्यांची भाजी छोट्या कढईत मावली होती. तूप, जिरं, मिरची, कूट. तुकडे अख्खे होते, कडा शाबूत. काकूंनी ताटलीत घेतली. काका समोर बसले, पण त्या दिवशी त्यांनी शेरा विचारला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

काकू सावकाश खात राहिल्या. दुसरा घास, चौथा, सहावा. ताटली रिकामी झाली. त्यांनी कढईतलं उरलेलं वाढून घेतलं. तेही संपलं. मग बोटाने कूट पुसून घेतलं.

"आणखी आहे का?" त्यांनी विचारलं.

चार वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. काकांनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

"आहे," काका म्हणाले. "इथे नाही."

काकूंनी ताटली उचलली आणि सिंककडे गेल्या. नळ सोडला. बराच वेळ ती एकच ताटली धूत होत्या. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी परत जायचं का, असं विचारलं नाही, कारण तिकिटं सप्टेंबरची होती. मुलाशी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मंचरला भाड्याची दोन खोल्यांची जागा मिळाली, एवढं कळलं.

ते गेल्यावर त्यांचा प्लॉट साफ करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. सुतळी गुंडाळली, पाट्या गोळा केल्या. केनेबेकच्या सगळ्या पाट्यांवर तिन्ही ओळी जशाच्या तशा होत्या. एका उन्हाळ्यात पेन्सिल पुसट झाली नव्हती. टोकाची पाटी अर्धी मातीत गेली होती. ती उपटून बाजूला ठेवताना उलटली.

मागच्या बाजूला, मातीत गेलेल्या भागात, त्यांच्याच अक्षरात तीन ओळी होत्या. लावणीच्याच दिवशीची तारीख.

जात: ज्योती.

तारीख.

कुठून: सौ.